खांद्यावरचा हात

लाखनीत हायवेला लागून लिलाधरचं फ्लेक्सचं दुकान आहे. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो घरात सहसा सापडत नाही. लोक लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येतात. त्यातून एकच माणूस उचलून श्रद्धांजलीच्या बॅनरवर बसवायचा, तर त्याच्या खांद्यावर कोणाचा ना कोणाचा हात राहतोच. तो पुसण्यात लिलाधरचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नाही.

पुण्याला गेलेल्या जुन्या दोस्ताचा, खुशालचा, नऊ वर्षांत पहिल्यांदा फोन आला. "माझ्या गाण्यांचा अल्बम येऊन राहिला. कव्हर तूच बनव. अड्याळच्या मंडईच्या जत्रेतला जुना फोटो पाठवतो."

फोटो आला. ढोलकी घेऊन हसणारा खुशाल. आजूबाजूचं सगळं त्यानेच कापून टाकलेलं.

लिलाधरने लगेच फोन लावला. "खांद्यावर हात आहे कोणाचा तरी. राहू देऊ का?"

"काढून टाक बे."

"कोणाचा आहे, आठवते का तुले?"

"मंडईत कोनीबी टाकते खांद्यावर हात. आता कोनाकोनाचं ध्यानात ठेवू मी?"

लिलाधर एकेक बोट पुसत गेला. शेवटी अंगठा उरला, लहानपणी मासे धरताना गळ रुतून पडलेल्या वाकड्या व्रणाचा. तोही त्याने पुसला. मग तो व्रण त्याच्या माऊस धरलेल्या अंगठ्यावर तेवढा राहिला.