रादच्या पुढे कोणी नव्हतं

डोळे मिटा आणि एका शेतात उभे राहा. शेत कुवेतच्या दक्षिणेला, वफ्रा भागातलं. जानेवारीतली सकाळ आहे. धुळीने आभाळ राखाडी झालंय. गुडघाभर वाढलेली लसूणघास वाऱ्याने एका अंगाला झुकलीय. तिच्या कडेला एक कुत्रा उभा आहे. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला. त्याचं नाव राद. आणि त्याच्याकडे तुमच्याच वयाची एक मुलगी टक लावून बघते आहे. ती चारुता.

आता डोळे उघडा. पुढचं उघड्या डोळ्यांनीच बघायचं आहे.

त्या हिरव्या गवतात कुठेतरी एक लावा पक्षी दडून बसला होता. शेताचे मालक कमाल यांनी तो स्वतःच पिंजऱ्यातून काढून तिथे सोडला होता. बंदूक त्यांनी आणली नव्हती. आज शिकार करायचीच नव्हती. रादला पक्ष्याचा वास लागतो का, एवढंच बघायचं होतं.

चारुताचे बाबा प्रसन्न हे जनावरांचे डॉक्टर. शुक्रवार, म्हणजे तिथला सुट्टीचा दिवस होता. आईला इस्पितळात ड्यूटी होती. अबू हलीफा भागातल्या घरी लेकीला एकटं ठेवण्यापेक्षा बाबांनी तिला बरोबर घेतलं. बॅगेत कसलं इंजेक्शन आहे, ते त्यांनी तिला गाडीतच सांगितलं होतं. "आय नो, बाबा," एवढंच ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

राद आणि बर्क ही जोडी. सात हिवाळे दोघांनी मिळून पक्षी शोधले. अशा कुत्र्यांची एक रीत असते. पुढच्याला वास लागला की तो पक्ष्यावर झेप घेत नाही. एक पाय उचलून, नाक रोखून जागच्या जागी थिजतो. मागच्याने त्याला पाहून तसंच थिजायचं. स्वतःला वास येवो न येवो. शिकारी म्हणतात, मागच्याने पुढच्याचा मान राखला. हेही बाबांनी चारुताला गाडीत सांगितलं होतं.

बारा दिवसांपूर्वी बर्क मेला. तेव्हापासून राद पाण्याशिवाय कशालाच तोंड लावत नव्हता. तपासण्या झाल्या, सलाइन झालं, आजार काही सापडला नाही. कमाल यांना मोडकं हिंदी यायचं. त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, "चिडिया पे रुक गया, तो अभी जान है. नहीं रुका, तो डॉक्टर, उसको और तकलीफ मत दो."

राद गवतात शिरला. चार पावलं चालला, थांबला, मान उंच करून पुढे बघितलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा मान वर. लावा त्याच्या पोटाखालून भुर्रकन उडाला. रादने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कमाल यांनी दुसरा लावा सोडला, मग तिसरा. तेही तसेच उडून गेले.

"खलास, डॉक्टर," कमाल म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

बाबांनी बॅग जमिनीवर ठेवली. चेन उघडली.

"बाबा, थांब ना. तो नाक खाली घालतच नाहीये."

"ताकदच उरली नाही गं त्याला."

"तसं नाही. तो पक्षी शोधतच नाहीये. तो बर्कला शोधतोय."

बाबांचा हात बॅगेतच राहिला. चारुता गवतात शिरली. रादला ओलांडून दहा पावलं पुढे गेली. तिथे ती थांबली, कमरेत वाकली, एक पाय उचलला आणि मान पुढे ताणून समोर बघत राहिली. समोर काहीच नव्हतं. नुसतं ओलं गवत आणि वारा. तिचा टेकलेला पाय लटलटू लागला, पण तिने दुसरा खाली ठेवला नाही.

तिच्या मागे राद थिजला. एक पाय वर, शेपूट सरळ.

कमाल आता वळून बघत होते. ते हळूच म्हणाले, "सात साल सबको बोला, मेरे पास दो नाक हैं. नाक तो एक ही था."

बाबा चेन लावू लागले. कमाल यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रुको डॉक्टर. खड़ा रहना अलग, खाना अलग. खाने में भी आगे वही रहता था. पहले बर्क, फिर ये. अब इसको कौन खिलाएगा?"

त्यांनी शेडकडे बोट केलं. तिथे पत्र्याखाली दोन भांडी होती. दोन्हींत भात आणि खिमा कालवलेला. बर्कचं भांडंही ते रोज सकाळी भरत होते, संध्याकाळी जसंच्या तसं रिकामं करत होते.

"चारू, पुरे आता," बाबा म्हणाले. "तू गाडीत जाऊन बस, बेटा."

चारुता गाडीकडे गेली नाही. ती शेडकडे चालत निघाली. दहा पावलांवरून राद तिच्यामागे येत होता. ती बर्कच्या भांड्यापाशी गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. वाकून भांड्यात तोंड घातलं आणि मागे वळून न बघता पहिला घास खाल्ला.