टाकीचा तुकडा

पहिला नकार

"नामंजूर!" दीनानाथ श्रीवास्तव अर्ज हवेत फडकावत म्हणाले. "टाकीची दुरुस्ती का केली नाही, असं विचारलंय तुम्ही. मॅडम जी, माहितीच्या अधिकारात 'का'चं उत्तर द्यायला मी बांधील नाही."

"हळू बोला. मला ऐकू येतं," विभाताई म्हणाल्या.

ते हळू बोलले नाहीत. त्यांच्या मागे केबिनचं दार उघडं होतं आणि आत मोठे साहेब बसले होते.

"आता कामाची मोजमाप पुस्तिका मागितली असतीत, तर मला नाकारता आलं नसतं. पण नाही ना मागितलीत! पुढचे कोण?"

विभाताई निशातगंजच्या त्या कार्यालयातून बाहेर आल्या आणि रिक्षात बसल्या बसल्या हसल्या. जन सूचना अधिकारी म्हणे! स्वतःच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही.

घर

पाण्याची ती उंच टाकी विकास नगरात होती, शाळेच्या मैदानाला लागून. त्या शाळेत विभाताईंची सून नयना शिकवायची.

"आई, रोज वरून पापुद्रे पडतात," नयना म्हणाली. "बच्चे उसी से ज़मीन पर लिखते हैं. हेडमास्तर म्हणतात, कागदावर दुरुस्ती झालीय, आता वर्ग हलवायचे कशाच्या आधारावर?"

"आधार मी आणते."

"आणेल, आणेल," विभाताईंचे यजमान उल्हासराव पेपरातून म्हणाले. "मी रेल्वेत एवढी वर्षं काढली, पण टाकीशी भांडणारी बाई पाहिली नव्हती."

"टाकीशी नाही. माणसांशी."

"टाकी लवकर ऐकेल."

दुसरा नकार

पुस्तिका मिळाली. तिच्यात टाकीचे सगळे खांब तीन वर्षांपूर्वी नव्या सिमेंटने दुरुस्त झाले होते.

"हे खोटं आहे," विभाताई म्हणाल्या.

"कागद मागितलात, कागद दिला. खरा-खोटा ठरवणं माझं काम नाही. नामंजूर!" श्रीवास्तव इतके जोरात म्हणाले की रांगेतला एक म्हातारा दचकला. "अहो, कायद्यात चालू-बंद कुठल्याही बांधकामाची जागेवर पाहणी मागता येते. पण कायदा वाचतंय कोण? सगळ्यांना घरबसल्या पाहिजे!"

आतून मोठ्या साहेबांचं हसू ऐकू आलं. "शाबास, दीनानाथ."

विभाताईंनी त्याच बाकावर बसून पाहणीचा अर्ज लिहिला आणि श्रीवास्तवांच्या समोर ठेवला. त्यांनी कपाळावर हात मारला.

त्या रात्री जेवताना उल्हासरावांनी विचारलं, "काय, तुझ्या प्रवक्त्याने आज काय फोडलं?"

"एवढा मूर्ख माणूस सरकारला सापडतो तरी कुठे?"

तिसरा नकार (टाकीखाली, उन्हात)

पाहणीला मोठे साहेबही आले. विभाताईंनी खांबाकडे हात नेला तसे श्रीवास्तव आडवे आले.

"हात नाही लावायचा! पाहणी म्हणजे पाहणी. डोळ्यांनी."

"आणि डोळ्यांना काय दिसणार?"

"तो तुमचा प्रश्न. प्रमाणित नमुना मागितला असतात तर आम्हाला खांबाचा तुकडा काढून द्यावा लागला असता. कलम दोन, पोटकलम जे. पण तुम्ही तो मागितलेला नाही. म्हणून नामंजूर."

या वेळी साहेब हसले नाहीत. त्यांनी श्रीवास्तवांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

चौथा नकार

झाला नाही.

होकार

विभाताईंनी आयुष्यभर संशोधन संस्थेत रसायनशास्त्र केलं होतं. सेक्टरमधली माणसं जमली होती, नयना शाळेच्या फाटकात उभी होती. मजुराने खांबाचा तुकडा फोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पिशवीतून फवारणीची बाटली काढली.

"सिमेंट नवं असेल तर हे गुलाबी होईल," त्या म्हणाल्या. "जुनं, मेलेलं असेल तर रंग येणार नाही."

फवारलं. माणसं पुढे वाकली.

तुकडा राखाडीच राहिला.

"दूसरा खंभा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. दुसरा फोडला. तोही राखाडी. नयना फाटकातून वळली आणि मुलांना एकेक करून मागच्या दाराने बाहेर काढू लागली.

त्याच आठवड्यात टाकी रिकामी झाली. शाळा दुसऱ्या इमारतीत गेली. ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला, मोठ्या साहेबांची चौकशी लागली, आणि त्यांनी जाता जाता शेवटची सही श्रीवास्तवांच्या बदलीवर केली. लखीमपूरच्याही पुढे कुठेतरी.

सत्कार

सेक्टरच्या पार्कात मांडव घातला होता. चिनहटहूनही लोक आले होते. त्यांना त्यांच्या नाल्याबद्दल अर्ज करायचे होते. विभाताईंनी माइक हातात घेतला तेव्हा त्यांची मान ताठ होती.

"घाबरू नका," त्या हिंदीत म्हणाल्या. "अर्ज करा. समोरचा माणूस ओरडेल, ओरडू द्या. आमचा अधिकारी तर इतका बडबड्या होता की प्रत्येक वेळी स्वतःच स्वतःला अडकवायचा. त्याने तोंड बंद ठेवलं असतं तर टाकी अजून भरलेली असती!"

मांडव हसला, टाळ्या वाजल्या. उल्हासरावांनी उभं राहून वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर एक बाई पुढे आली. साधी सुती साडी, हाताला पॅकिंगच्या सुतळीचे वळ.

"मी मिसेस श्रीवास्तव. दीनानाथजींच्या घरून."

विभाताईंचे गाल तापले. ही मागेच बसली असणार. "बसा ना. ते आले नाहीत?"

"सामान ट्रकमध्ये चढवतायत. मला पाठवलं, अभिनंदन करून ये म्हणाले. खूप खूश आहेत." ती थोडी जवळ सरकली आणि आवाज खाली आणला. "आणि एक विचारून ये म्हणाले. पहिल्या दोन वेळा नाही, पण तिसऱ्या वेळी साहेबांच्या समोर कलमासकट सांगितलं, तेव्हा तरी तुमच्या लक्षात आलं होतं ना?"