बोटीचा हिवाळा

“आपण पावसाळ्यात ओढतो तशी वर ओढून घे रे,” आबा म्हणाले.

“आबा, ही काय आपली मासेमारीची होडी आहे?” मुलगा हसला. ग्रीसच्या बंदरात त्याची शिडाची बोट डुलत होती. हिवाळाभर ती पाण्यातच ठेवायची, असं त्याने ठरवलं होतं.

गोदीवाला आला. आकाशाकडे बघून तोही म्हणाला, “वादळं येतील. वरच घ्या.”

“मीही तेच म्हणत होतो!” मुलगा लगेच उत्तरला.

क्रेनने बोट जमिनीवर उतरवली. एक टेकू सैल दिसताच आबांनी वाकून नेमकी पाचर ठोकली. गोदीवाल्याने कौतुकाने मुलाला विचारलं, “वडील खलाशी होते का?” आबांची मान ताठ झाली.

“छे, ऑफिसात होते,” मुलगा म्हणाला.

एवढं इंग्रजी आबांना समजत होतं. दोर ओढून घट्टे पडलेले हात त्यांनी हळूच कोटाच्या खिशात घातले.