औरंगाबादची मराठी

"आजी, तुझ्या माहेरचं वऱ्हाडी बोलून दाखव ना!" नात अगदी हट्टालाच पेटली होती.

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं, पण शब्द काही येईना. त्या अकोल्याकडच्या. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या साली औरंगाबादच्या छावणीत सून म्हणून आल्या. तोंड उघडलं की सासरचं अख्खं घर खिदळायचं. मग वऱ्हाडी कधी सुटली, देवाला ठाऊक! माहेरी आता कुणीच उरलं नव्हतं. आईला आठवायला जावं, तर आठवणीतली आईसुद्धा आता मराठवाड्यातलंच बोलायची. आईचं बोलणंच हरवलं, हे त्यांना फार लागायचं.

"नाय येत गं मला आता," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली आणि तिनं बुरख्याचा नकाब वर केला. शेजारच्या घरातली बिल्किस! लग्न होऊन हैदराबादेला गेली, ती इतक्या वर्षांनी आज उगवली होती. पोरीपणी तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. जी काही शिकली, ती तेव्हा नवी नवरी असलेल्या मनकर्णाबाईंबरोबर एका जात्यावर दळताना.

"काऊन वं मनकर्णे, वयखलं नाही का मले? बाप्पा! अन् डोयात पानी काऊन?"

मनकर्णाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच हेल, तेच 'वं', शेवटी आवाज तस्साच वर गेलेला. अगं बाई, ही तर आई बोलतेय! हैदराबादेत तिच्याशी मराठी बोलायला होतं कोण? जशी नेली, तशीच जपली गेली होती.

नात हसली. "ही कुठली हो मराठी?"

"आपल्या औरंगाबादची!" बिल्किस ठसक्यात म्हणाली. "तिकडं साऱ्याइले सांगतलं मी, आमच्या औरंगाबादेत असंच बोलतेत."

नात काही सांगायला गेली, तशी मनकर्णाबाईंनी तिचा हात घट्ट दाबला.

"व्हय, असंच बोलतेत. तू बस गं बिल्किस. बोल, काहीबी बोल."

बिल्किस सासूबद्दल, सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत सुटली. मनकर्णाबाई डोळे मिटून नुसत्या हुंकार देत होत्या. नातीनं पुढ्यात ठेवलेल्या चहावर साय धरली, तरी कुणाला भान नव्हतं.

"घे ना वं माय, च्या थंडा होऊन राह्यला," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि चमकून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.