डावीकडे ओढणारी गाडी

"रिमोट ठणठणीत आहे, ताई. धरणाऱ्याचा हात एकदा बघून घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला होता. तिनं रिमोट पिशवीत टाकला आणि जिना उतरेपर्यंत त्याचं बोलणं विसरूनही गेली. काम एवढंसं करायचं आणि वर सल्ला द्यायचा, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

ही परवाची गोष्ट. आज दुपारचे साडेचार वाजले होते. टीव्हीसमोर दोन खुर्च्या. एकीवर सासरे, दुसरीवर तिची सात वर्षांची लेक, चिमणी. दोघांनीही आपापला रिमोट स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी आडवा धरलेला. हात जिकडे कलतील तिकडे पडद्यावरच्या खेळातली गाडी वळायची. ती मागं सोफ्यावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पाच वाजता चिमणीचा चित्रकलेचा वर्ग. आजोबाच तिला रोज स्कूटरवरून सोडायचे. दोघांची हेल्मेटं दाराशी तयार होती.

"आजोबा तळ्यात, मी मळ्यात!" चिमणी ओरडली.

आजोबांची लाल गाडी पुन्हा रस्ता सोडून डावीकडच्या तळ्यात शिरली होती. बदकं उडाली.

"अलाइनमेंट गेलंय हिचं," आजोबा म्हणाले. "चौतीस वर्षं बस चालवली मी. कधी आरसासुद्धा घासला नाही कुणाला."

"मग बदकांनी काय घोडं मारलंय तुमचं?" चिमणीनं विचारलं.

तीनेक आठवडे हेच चाललं होतं. दर रविवारी तिचा नवरा सेटिंग उघडायचा, "बाबा, सरळ धरा" म्हणायचा आणि बटण दाबायचा. बाबा धरतील ते सरळ, असं यंत्र मानून चालायचं. चार दिवस गाडी रस्त्यावर राहायची, पाचव्या दिवशी परत तळ्यात. दुरुस्तीवाल्यानं ते सगळं पुसून रिमोट पहिल्यासारखा करून दिला होता. "तुम्ही याला तिरकं म्हणजेच सरळ असं शिकवलंय," असंही तो हसत म्हणाला होता. हेही तिला आत्ता आठवलं.

"आपण रिमोट बदलूया," चिमणी म्हणाली. "माझा चांगला आहे, तुम्ही घ्या. मग मात्र रडायचं नाही हं."

अदलाबदल झाली. शर्यत सुरू झाली. आजोबांचा 'बिघडलेला' रिमोट घेऊन चिमणी पुलावरून सुळकन निघून गेली. आजोबांची गाडी थोडा वेळ मधोमध चालली. मग हळूहळू डावीकडे सरकली. कठडा. गवत. तळं.

"घ्या! हाही बिघडला," आजोबा खो खो हसले.

सुनेच्या हातात एक मोजा तसाच राहिला. ती पडद्याकडे बघतच नव्हती. सासऱ्यांच्या हातांकडे बघत होती. उजवा हात जागच्या जागी होता. डावा मात्र पेंगणाऱ्या पोराच्या मानेसारखा खाली येत होता. आणि त्यांची नजर रस्त्यावर होती, अगदी शांत. गाडी सरळ चालवणाऱ्या माणसाची नजर.

"बाबा, जरा ठेवा तो रिमोट," ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम साधा ठेवला. "दोन्ही हात समोर धरा बघू. तळवे वर."

"का गं? छड्या मारतेस का?"

"डोळे मिटा. चिमणे, दहापर्यंत मोज."

चिमणीला हा नवाच खेळ वाटला. ती मोठ्यानं मोजू लागली. चारपर्यंत दोन्ही हात बरोबरीनं होते. सहाला डावा तळवा आतल्या बाजूला वळला. आठला कोपर वाकलं. दहाला तो हात त्यांच्या मांडीला टेकला होता.

चिमणी हसायला गेली आणि आईकडे बघून गप्प झाली.

"झालं की दहा," आजोबा डोळे मिटूनच म्हणाले. "धरलेत ना बरोबर? उघडू का?"

"उघडा, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. उजव्या हाताकडे बघितलं. मग मांडीवरच्या डाव्या हाताकडे, कुणी दुसऱ्यानं तिथं आणून ठेवला असावा तसं. पडद्यावर गाडी तळ्यात गोल गोल फिरत होती.

"परवा पिशवी सुटली हातातून," ते म्हणाले. "म्हटलं, वय झालं." त्यांनी डाव्या हाताची बोटं मिटून बघितली, उघडून बघितली. "स्कूटरचा मागचा ब्रेक याच हाताला असतो."

त्यांनी उजव्या हातानं खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि तिनं घातलेल्या घड्यांवर अलगद ठेवली.

"टॅक्सी बोलाव, बाळ. वर्ग बुडू दे आजचा. सरळ दवाखान्यात जाऊ." मग म्हणाले, "मी पुढं बसलो तर चालेल ना?"

"चालेल, बाबा," ती म्हणाली आणि फोन लावला.

तुमच्या घरीही कुणाची गाडी हल्ली एकाच बाजूला ओढत असेल, कुणाच्या एकाच हातातून कप निसटत असेल, तर नवा रिमोट, नवा कप आणायची घाई करू नका. त्यांना समोर बसवा. दोन्ही हात तळवे वर करून पुढं धरायला सांगा, डोळे मिटायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. एकच हात खाली आला, तर दुखणं मेंदूत असू शकतं; सरळ दवाखाना गाठा. आजच. तुमचे डोळे मात्र उघडे ठेवा.