निळ्या रेषेच्या आत

घरावर मजला चढवायचा म्हणून शालनने पाटबंधारे कार्यालयात अर्ज देऊन पूररेषेचा नकाशा मिळवला. ओसरीवर पसरून तिने आधी नदी शोधली, मग आपला सर्व्हे नंबर.

पुराचं पाणी कुठवर चढतं ते दाखवणारी निळी रेषा थोरल्या दिरांचं शेजारचं अख्खं घर पोटात घेऊन तिच्या अंगणाच्या कडेने निघून गेली होती. वाटणीत नदीकडची हवेशीर बाजू त्यांनी हट्टाने मागून घेतली, हा राग तिने इतकी वर्षं मनात धरला होता.

नकाशा घेऊन ती त्यांच्या दारात गेली. "दादा, तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"मला वारा लागतो, म्हटलं होतं की," नकाशाकडे न बघताच ते म्हणाले. "तुझा मजला होतोय ना?"

"होतोय. त्यातली नदीकडची खोली तुमची. वर वारा जास्त येईल."