गच्ची नसलेली बोट

मागचं लोखंडी दार बंद झालं तेव्हा अर्चनाताईंना हायसं वाटलं. पुढचंही बंदच होतं. आता मैथिली कुठे पळेल?

आधीच्या दोन्ही स्थळांच्या वेळी, अबू हलीफा भागातल्या त्यांच्या घरी पोहे बशीत पडायच्या आत लेकीने "ऑफिसचा कॉल" म्हणत गाडीची किल्ली उचलली होती. जूनमध्ये नवऱ्याची, सुधीररावांची, इथली आखातातली नोकरी संपणार, दोघं कायमची साताऱ्याला जाणार आणि ही इथे एकटी राहणार. तिला इथे आपलं म्हणावं असं कोण, या काळजीने अर्चनाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून या शुक्रवारी त्यांनी पाहण्याचा कार्यक्रम थेट पाण्यावर ठेवला होता. खैरानच्या किनाऱ्यावरची एक बोट दिवसभरासाठी घेतली होती. बोट लागते म्हणून सुधीरराव मात्र घरीच राहिले.

ओहोटी होती. ज्या कालव्यात फिरायचं होतं, त्यातलं पाणी समुद्रापेक्षा पुरुषभर उंच होतं. तिथे चढायचं तर बोट दोन दारांमधल्या हौदात उभी करायची, हौद भरायचा आणि पाण्याबरोबर वर यायचं. बोट चालवणाऱ्या रत्नागिरीच्या झहूरभाईंनी हे सगळं नीट सांगितलं होतं. अर्चनाताईंनी त्यातलं "मधे थांबावं लागतं" एवढंच ध्यानात ठेवलं होतं.

मुलगा संग्राम बँकेत होता आणि नावाच्या मानाने अगदीच गरीब निघाला. सकाळपासून तोंडात मूग धरून बसला होता. बोलत होत्या त्या महिन्याभरासाठी पुण्याहून आलेल्या त्याच्या आई, चारुताबाई.

"स्वयंपाकाची आवड आहे का गं तुला?"

"आय मॅनेज, आंटी," मैथिली म्हणाली आणि पाण्याकडे बघत राहिली.

चारुताबाई अर्चनाताईंकडे झुकल्या. "अहो, दोघांना जरा बोलायला पाठवू या का, गच्चीत..."

आणि त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बोटीत एक गोल सोफा होता, त्यावर चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. अर्चनाताईंनी कपाळाला हात लावला. कोथिंबीर आठवणीने आणली, खोबरं आणलं, लिंबाच्या फोडी डबीत घालून आणल्या. गच्चीचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात वर उभ्या, हौदाची दारं सांभाळणाऱ्या माणसाने बोटीचे दोन्ही दोर धक्क्यावरच्या खुंट्यांत अडकवले आणि तो पुढच्या दाराकडे गेला.

"वैनी, आज हाताखाली कोण नाय माझ्या," झहूरभाई म्हणाले. "एक दोर याला धरूदे, एक तिला. पाणी चढेल तसा दोर आखडत घ्यायचा. दोघांनी एकदम."

संग्राम पुढे गेला, मैथिली मागे. पाणी खळखळत आत आलं. संग्रामने एकदम जोर लावला, तशी बोटीची मागची बाजू भिंतीपासून सुटली आणि पोह्यांचा डबा सोफ्यावरून घसरला. चारुताबाईंनी तो झेलला.

"अरे, एवढा काय ओढतोयस! मागचं बाहेर चाललंय!" मैथिली ओरडली.

"तू ढिला सोडलास म्हणून!"

"मी? आधी तुझा बघ!"

पहिल्याच भेटीत अरे-तुरे ऐकून चारुताबाईंच्या भुवया चढल्या. अर्चनाताईंना मात्र भरून आलं. घरात "ओके"वर भागवणारी पोरगी भांडत होती, तेही मराठीत.

भिंत हळूहळू खाली गेली. बोट धक्क्याला लागून उभी राहिली आणि पुढचं दार उघडलं.

"आता वर पाय टाका नि दोर काढा," झहूरभाईंनी सांगितलं.

दोघं धक्क्यावर चढली. दोर काढून त्यांनी बोटीत टाकले. बोट सुटली. मधे वीतभर पाणी आलं, मग हातभर.

"मैथिली, अगं ये!"

"तुम्ही फिरून या, आई. आम्ही इथे आहोत."

संग्रामने एकदा आपल्या आईकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग लाल झालेले तळवे चोळत तो तिथेच उभा राहिला.

"अहो, मागे घ्या ना!" चारुताबाई म्हणाल्या.

"मागारी घेऊ काय, वैनी?"

अर्चनाताईंनी वळून पाहिलं. हौदाच्या पलीकडे, सकाळी सगळी बोटीत बसली त्या जागी, लेकीची गाडी उन्हात उभी होती. किल्ली तिच्या खिशात होती. तिचा हात खिशात नव्हता; ती दोन्ही हातांनी हवेत दोर ओढून दाखवत होती आणि संग्राम मान हलवत आपला दोर ओढून दाखवत होता.

"नको," त्या म्हणाल्या. "चालू द्या."

कालवा रुंद होत गेला. दोन्ही बाजूंना पाणी होतं आणि उतरायला कुठे जागा नव्हती. चारुताबाईंची मान अजून मागेच होती.

"काय बोलत असतील हो?"

अर्चनाताईंनी पोह्यांचा डबा उघडला.

"गच्चीतलं कधी कुणाला ऐकू आलंय? घ्या तुम्ही. लिंबू पिळू?"